खिशातली सगळ्यात खराब डिस्क

मामाने डीव्हीडी प्लेअर घेतल्याचं मला मामीकडून कळलं, तेही तक्रारीच्या सुरात. "तुझ्या मामाला सांग काहीतरी. लॅमिंग्टन रोडवरून आणखी एक डबा घेऊन आलेत." मामाचं सगळं आयुष्य डब्यांत गेलं. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग व्हीसीआर, मग सीडी प्लेअर. भायखळ्यात एका जिन्याखालच्या चार बाय सहाच्या दुकानात तीस वर्षं त्याने हे डबे उघडले, पुसले, सोल्डर मारले आणि बंद केले. दुकान आता नाही, तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. मी सिनेमाच्या साउंडवर काम करते, म्हणजे दिवसभर बंद खोलीत बसून दुसऱ्यांच्या पावलांचे आवाज ऐकते. यंत्रांच्या बाबतीत आमचं दोघांचं कधीच पटलेलं नाही.

गेल्या दिवाळीत मी माझा जुना रिसीव्हर, पाच स्पीकर आणि एक सबवूफर मामाकडे आणून लावला होता. खोली दहा बाय बाराची. इमारत सेसची, लाकडी कडीपाटाची, खालून लोकल गेली की मांडणीवरच्या वाट्या एकमेकींना लागतात. पुनर्विकासाच्या मीटिंगा सुरू आहेत आणि सुरूच राहतील. अशा खोलीत 5.1 चं होम थिएटर लावणं हा माझा हट्ट होता, हे आधीच कबूल करते. रविवारी दुपारी पोचले तेव्हा मामा नव्या प्लेअरसमोर मांडी घालून, हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसला होता.

मी : मामा, वॉरंटीचं सील तोडलंस?

मामा : आत काय आहे ते बघितल्याशिवाय वॉरंटी कसली? तेवीसशे पन्नास दिलेत. ही वायर फुकट मिळाली.

मी : तेवीसशे पन्नास पाण्यात. अरे, डिस्क आता कोण घेतं? ओप्पोने 2018 मध्ये प्लेअर बनवणं बंद केलं. सॅमसंगने 2019 मध्ये अमेरिकेत नवे ब्लू-रे प्लेअर काढणं सोडलं. ऱ्हिदम हाउससारखं दुकान 2016 मध्ये बंद झालं, तेव्हा तूच हळहळला होतास.

मामा : नव्या निघत नसतील. निघालेल्या कुठे गेल्या? कपाट उघड.

गोदरेजच्या कपाटाचा खालचा कप्पा मी लहानपणापासून बघत आलेय, पण त्यात किती डिस्क आहेत हे कधी मोजलं नव्हतं. मामीच्या म्हणण्याप्रमाणे तीनशेच्या वर, आणि तिचे हिशेब चुकत नाहीत. 'वस्त्रहरण' आहे, पुलं आहेत, दशावतार आहे, लोकनाट्यं आहेत, भक्तिगीतं आहेत आणि जुने मराठी सिनेमे आहेत. निम्म्याहून जास्त व्हीसीडी, म्हणजे एक सिनेमा दोन किंवा तीन चकत्यांत. बऱ्याच पाकिटांवर मोझर बेअरचं नाव. ही मुळात कोऱ्या सीडी बनवणारी कंपनी. 2007 च्या सुमारास तिने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढली. तोवर अस्सल डिस्क घेणं म्हणजे चैन होती, आणि चोरीची डिस्क मनीष मार्केटात ढिगाने मिळायची. खरी डिस्क चोरीच्या भावात आल्यावर मामासारख्यांनी ती भाजीबरोबर पिशवीत टाकून घरी आणली. कंपनी 2018 मध्ये अवसायनात निघाली. पिशवीतून आलेल्या डिस्क कपाटात राहिल्या.

मी : पण चित्राचं काय? व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं. तुझा टीव्ही 1920 बाय 1080 चा. हिशेब कर. टीव्हीवरच्या वीस ठिपक्यांमागे एकच ठिपका डिस्कवरून येतो, उरलेले एकोणीस टीव्ही मनाने भरतो. डीव्हीडी 720 बाय 576 ची, तिथे निदान पाचांत एक तरी खरा.

मामा : भरू दे की. शिवाजी मंदिरला बाल्कनीत बसून नाटकं बघितली, तेव्हा नटाचं नाक दिसायचं का मला?

मी : नाक नसेल दिसत, पण चेहऱ्याचे चौकोन तरी होत नव्हते.

मामा : चौकोन पुढच्या खुर्चीवरून दिसतात. पलंगावर बस.

पलंगावर बसले. चौकोन कमी झाले, हे खरं. खोलीच दहा बाय बाराची असल्यामुळे पार मात्र गेले नाहीत, हेही खरं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं की हा प्लेअर साध्या डीव्हीडीचं चित्र 1080 पर्यंत वाढवतो. त्यावर मी मामाला सांगितलं की त्या ओळीला भुलू नकोस. वाढवायचं काम टीव्हीलाही येतं, आणि टीव्हीची चिप या चिपपेक्षा बहुधा हुशार असते. एचडीएमआयचा खरा फायदा इतकाच की चित्र वाटेत अॅनालॉग होऊन पुन्हा डिजिटल होत नाही, आणि तीन वायरींऐवजी एकीवर भागतं. मामा म्हणाला, खोक्यावरचं तो कधीच वाचत नाही.

आणि मग त्याने झाकण उचललं.

आत तीन चतुर्थांश जागा रिकामी होती. मध्ये प्लास्टिकचा लोडर, एका बाजूला पॉवर सप्लायची छोटी पट्टी, दुसऱ्या बाजूला तळहाताएवढा बोर्ड. पत्रा इतका पातळ की अंगठा दाबला तर खळगा पडावा. मला हसू आलं. मामा मात्र भाजी निवडावी तसा एकेक भाग बघत होता.

मामा : हसू नकोस. महागड्यातही हेच असतं. पाच-सहा हजाराला विकलेल्या नावाजलेल्या कंपन्यांचे प्लेअर मी उघडलेत. मीडियाटेकची 1389 चिप मी इतक्या डब्यांत बघितली आहे की नाव कुठलंही असो, आत ओळखीचा माणूस भेटल्यासारखं वाटायचं. लेन्सही ठरावीक दोन-तीन जातींच्या. फरक असतो तो इथे. हा कंडेन्सर बघ, डोकं सपाट आहे. फुगायला लागला की समजायचं, प्लेअर वर्षभरात चालू व्हायला कुरकुर करणार. आणि हा ट्रेचा बेल्ट. दोन पावसाळे काढले की सैल पडतो, मग ट्रे अर्धवट बाहेर येऊन थांबतो. लोक म्हणतात प्लेअर गेला. प्लेअर कुठला, दहा रुपयांचं रबर गेलेलं असतं.

मी : हे तू दुकानात झाकण न उघडता कसं ओळखलंस?

मामा : ओळखलं नाही, तपासलं. खिशात तीन डिस्क घेऊन गेलो होतो.

यंत्र घ्यायला निघालेला माणूस सहसा आपली सगळ्यात चांगली डिस्क नेतो, किंवा दुकानदार जी लावेल ती बघतो. दुकानदाराची डिस्क समुद्राच्या निळ्या पाण्याची आणि रंगीत माशांची असते, ती कुठल्याही प्लेअरवर छानच दिसते. मामा उलटा माणूस. त्याने कपाटातली सगळ्यात खराब व्हीसीडी घेतली, जिच्यावर माझ्या मावसभावाने लहानपणी गाडी चालवली होती. दुसरी घेतली माझ्या आईबाबांच्या लग्नाची. व्हीएचएसवरून कुणी स्टुडिओवाल्याने 2003 मध्ये कोऱ्या सीडीवर उतरवून दिलेली, वर मार्करने लिहिलेलं नाव पुसट झालेली. तिसरी एका लांबलचक हिंदी सिनेमाची दोन थरांची डीव्हीडी.

मामा : चऱ्याची डिस्क लावली की प्लेअरचा स्वभाव कळतो. काही अडून बसतात, तीच जागा पुन्हा पुन्हा वाचत राहतात. हा दोन सेकंद अडखळला, चित्र फाटलं आणि पुढे गेला. मला असाच हवा होता.

मी : त्याला कारण आहे. व्हीसीडीत चुका दुरुस्त करणारी जादा माहिती कमी ठेवलेली असते. डेटा सीडीच्या एका कप्प्यात 2048 बाइट खरी माहिती असते, बाकी दुरुस्तीची. व्हीसीडीने त्या दुरुस्तीतली बरीचशी जागा घेऊन तिथे सिनेमा भरलाय, 2324 बाइट. म्हणून तर तासाभराहून जास्त चित्र एका सीडीवर मावतं. मग चरा आला की दुरुस्त काय करणार? पुढे जाणं हाच उपाय.

मामा : मी तीस वर्षं हेच सांगत होतो, बाइट न मोजता. आता लग्नाची डिस्क. कोऱ्या सीडीवर शाई असते...

मी : डाय.

मामा : तेच ते. डीव्हीडीची लाल लेझर तिच्यावर पडली की आत शोषली जाते, परत काही येत नाही. सीडीसाठी वेगळी लेझर लागते. सुरुवातीच्या काही डीव्हीडी प्लेअरांत ती नव्हती, गिऱ्हाइकं ओरडत यायची की घरी भरलेली सीडी चालत नाही. आता सगळ्यांत असते, पण ती किती जोरकस आहे ते वीस वर्षांची डिस्क लावल्याशिवाय कळत नाही. लागली. तुझी आई अंतरपाटाच्या पलीकडे दिसली आणि मी पैसे दिले.

मी : आणि तिसरी?

मामा : दोन थरांची. मध्यावर कुठेतरी लेन्सला एका थरावरून दुसऱ्यावर जावं लागतं. वाईट प्लेअर तिथे दोन-दोन सेकंद गोठतो. हा पापणी लवावी इतकाच थांबला. शिवाय मी ट्रे दहा वेळा आतबाहेर केला. दुकानदार म्हणाला, काका, घ्यायचंय का खेळायचंय?

इथपर्यंत मी हरत होते, हे माझ्या लक्षात आलं होतं. त्यामुळे प्लेअर फिरवून मी त्याची मागची बाजू बघितली. मामाने लाल आणि पांढरी वायर रिसीव्हरला लावली होती, चित्रासाठी एचडीएमआय टीव्हीला. शेजारी एक नारिंगी भोक मोकळंच होतं.

मी : मामा, महिनाभर तू पाच स्पीकरांवर दोन स्पीकरांचा आवाज ऐकतोयस.

मामा : पाचही वाजतात.

मी : वाजतात, पण सांगतंय कोण त्यांना? लाल-पांढऱ्या वायरीतून दोनच आवाज जातात, डावा आणि उजवा. डीव्हीडीवर सहा वेगवेगळे असतात. प्लेअरने ते सहा एकत्र कालवून दोन केले, रिसीव्हरने त्या दोनांवरून अंदाजाने पाच बनवले. म्हणून तर मामी म्हणते ना, की बोललेलं ऐकू येत नाही आणि गाणं लागलं की दचकायला होतं. बोलणं मधल्या स्पीकरसाठी वेगळं ठेवलेलं असतं. ते दोघांत वाटून टाकलं, त्यात गाणी आणि ढोल मिसळले, की पुटपुटल्यासारखं होतं.

मामा : हे नारिंगी म्हणजे कोएक्सियल. त्याची वायर नाही आपल्याकडे.

पण वायरीच्या बाबतीत मामाला मी शिकवण्यात अर्थ नाही. त्याने फुकट मिळालेल्या तीन रंगांच्या वायरीतली पिवळी सोलून वेगळी केली. चित्राची वायर 75 ओहमची असते, डिजिटल आवाजालाही तेवढीच लागते, रंगाला कोण विचारतो. लांबी मात्र जेमतेम पुरली, त्यासाठी रिसीव्हर स्टुलावर चढवावा लागला. वायर लावली तरी दोनच आवाज. मग मी मेनूत शिरले. डिजिटल आउटपुटचे तीन पर्याय होते : ऑफ, पीसीएम, रॉ. कारखान्यातून तो पीसीएमवर येतो, म्हणजे पुन्हा दोनच. 'रॉ' केलं, रिसीव्हरवर डॉल्बी डिजिटलचा दिवा लागला, आणि 'लगान'मधल्या मॅचचा गोंगाट आमच्या पाठीमागून, मामीच्या ओट्याच्या दिशेने आला. 'लगान'चे संवाद सेटवरच रेकॉर्ड केलेले आहेत, नंतर डब केलेले नाहीत. मैदानातली माणसं काय बोलतायत ते मधल्या स्पीकरमधून स्पष्ट येत होतं. मामी पोळपाट तसाच ठेवून बाहेर आली.

मामा गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे या भोकातून जाणारा आवाज महागड्या प्लेअरच्या भोकातूनही असाच जातो?"

मला कबूल करावं लागलं. डिस्कवरचे आकडे जसेच्या तसे रिसीव्हरला द्यायचे, एवढंच प्लेअरचं काम उरतं. त्यांचा आवाज करणं रिसीव्हरकडे. आकडे नीट वाचले गेले तर तेवीसशेच्या आणि तेवीस हजारांच्या प्लेअरमधून डॉल्बीचा तोच आवाज निघतो. लाल-पांढऱ्या भोकांतून ऐकायचं असेल तर मात्र प्लेअरच्या आतला स्वस्त भाग ऐकू येतो, शांत प्रसंगात हलकी सूंसूं येते. अर्थात ज्या खोलीखालून दर थोड्या वेळाने लोकल जाते, तिथे ती सूंसूं ऐकायला कोणाला फुरसत आहे?

तरी मी माघार घेतली नव्हती. पिशवीत माझा ब्लू-रे प्लेअर होता, तो दाखवायलाच आणला होता. ब्लू-रेच्या एका थरात 25 जीबी मावतात, डीव्हीडीच्या थरात 4.7. चित्र टीव्हीच्या ठिपक्याला ठिपका, आवाज न दाबलेला. माझ्याकडची एक डिस्क लावली. पावसाचा एक प्रसंग आहे, पत्र्यावर पडणारे थेंब वेगवेगळे मोजता येतात. मामा पुढे सरकून बसला.

मामा : छान आहे. खोटं कशाला बोलू? डोळ्यांचं पारणं फिटलं. आता आपलं काहीतरी लाव.

कपाटातून नाटकाची व्हीसीडी काढून ट्रेमध्ये ठेवली. प्लेअर घुमला, थांबला, घुमला. पडद्यावर अक्षरं आली की ही डिस्क चालवता येत नाही. मी दुसरी लावली. तिसरी लावली. मग मॅन्युअल काढून वाचलं : व्हीसीडी चालणाऱ्या प्रकारांच्या यादीत नव्हतीच. पुष्कळ ब्लू-रे प्लेअरांची हीच गत असते. माझ्या प्लेअरवर मी कधी व्हीसीडी लावलीच नव्हती, त्यामुळे मला पत्ता नव्हता. मामाने काही म्हटलं नाही. त्याने ती डिस्क शर्टाला पुसली, आतून बाहेर, सरळ रेषेत, आणि आपल्या पत्र्याच्या डब्यात सरकवली.

नाटक सुरू झालं. व्हीसीडीवर 5.1 नसतंच, डावा-उजवा एवढंच. मी रिसीव्हर प्रोलॉजिकवर टाकला, सवयीने. ही जुनी युक्ती : दोन्ही बाजूंना जे सारखं असेल ते मधल्या स्पीकरला द्यायचं, जे एकमेकांशी जुळत नाही ते मागच्यांना. स्टेजवरचा नट मध्ये उभा असतो, त्याचा आवाज मध्ये गेला. प्रेक्षकांचं हसणं सगळ्या हॉलमधून वेडंवाकडं येतं, ते कुठेच जुळत नाही, म्हणून ते मागे गेलं. पहिला हशा पिकला तो आमच्या पाठीमागे, दोन्ही कोपऱ्यांत. कुणीतरी खोकलं. मामाने मागे वळून बघितलं. मीही. दिवसभर स्टुडिओत हेच करते, तरीसुद्धा.

मामा : दामोदरमध्ये असंच यायचं. पुढून नट, मागून परळ.

मी : दामोदर आता बंद आहे.

मामा : माहीत आहे. म्हणून तर म्हणतो, सबवूफरचा आवाज कमी कर, ताटं वाजतायत.

मांडणीवरची स्टीलची ताटं खरंच थरथरत होती. सबवूफर थेट लाकडी जमिनीवर होता आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा दुपारी झोपतात. त्याच्याखाली जुनी गोधडी चौघडी करून सरकवली. रात्रीसाठी मामाला मेनूतली 'डायनॅमिक रेंज' दाखवली. ती चालू केली की मोठे आवाज दबतात, बारीक वर येतात. साउंडवाले लोक या सोयीचा राग करतात, मीही करते. चाळवजा इमारतीत रात्री अकरानंतर ती चालू ठेवावी, हे माझं मत आहे आणि ते मी कामाच्या ठिकाणी कुणाला सांगणार नाही.

मी : एक मात्र ऐक. ही सगळी नाटकं कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ या. डिस्कमध्ये एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर असतं, त्यात फाइल असते, ती घ्यायची की झालं. पेन ड्राइव्ह याच प्लेअरला लागतो.

मामा : आणि पेन ड्राइव्ह मेला म्हणजे? डिस्कवर चरा पडला तर एक प्रसंग जातो. ड्राइव्ह गेला की तीनशे डिस्क एकदम. माझ्याकडे किती जण रडत यायचे, फोटो गेले, फोटो गेले म्हणून.

मी : दोन ठिकाणी ठेवू. बाकीचं राहू दे, निदान लग्नाची डिस्क. तिच्यावरची डाय विटत चालली आहे, हे तुलाही दिसतंय. आज लागली, पुढच्या वर्षी लागेलच असं नाही.

त्याने लग्नाची डिस्क उजेडात धरली. कडेला एक फिकट पिवळट पट्टा होता, नखाएवढा रुंद. तो बराच वेळ तिरपी करून बघत राहिला.

मामा : ही घेऊन जा. नाटकांचं मग बघू. पण खिशात नको ठेवूस, पाकिटात ठेव.

नाटकाची पहिली डिस्क संपली, एका वाक्याच्या मधोमध, जशी ती नेहमी संपते. दुसरी टाकायला मामा उठला. मामीने तेवढ्यात चहा आणला. मी एका पाठकोऱ्या कागदावर लॅमिंग्टन रोडची यादी करायला घेतली : कोएक्सियल वायर, तीन मीटर. स्पीकरची वायर. स्पंजचे पाय चार.

"बेल्ट लिही," मामा ट्रेकडे बघत म्हणाला. "ट्रेचा. दोन."

"दोन कशाला? नवा आहे की हा."

"ते दुकान पुढच्या वेळी असेल का, विचारून ये."